चार मिनिटं आणि कायदा



आजची गोष्ट हैदराबादेतून सुरू होते. तेव्हा आपलं नांदेड आणि आपलं लातूर, दोन्ही निजामाच्या मुलखात होती, त्यामुळे ही परमुलखातली गोष्ट समजू नका. साल १८८९. शस्त्रक्रियेआधी क्लोरोफॉर्म हुंगवून बेशुद्ध करायची पद्धत रुळून चाळीसेक वर्षं झाली होती. बहुतेक वेळा सगळं नीट पार पडायचं. पण मधूनच एखादा धडधाकट माणूस, नखाची किंवा दाताची किरकोळ शस्त्रक्रिया असतानाही, टेबलावरच जायचा. का जायचा? आधी श्वास थांबतो की आधी हृदय? यावर डॉक्टरांमध्ये दोन तट पडले होते.

हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं ठाम होतं. आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा, हृदयाची चिंता नको. हे तपासायला निजाम मीर महबूब अली खान यांनी पैसा दिला. १८८८ मध्ये एक आणि १८८९ मध्ये दुसरा, असे दोन ‘क्लोरोफॉर्म आयोग’ हैदराबादेत बसले. दुसऱ्या वेळी लंडनहून लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. या कामात एक बाईही होत्या. १८८५ साली ज्या पाच मुलींनी हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला, त्यांतल्या एक, रूपाबाई फर्दुनजी. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्याकडे बाईनं डॉक्टरकडे जाणं हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात रूपाबाई रोग्याच्या उशाशी बसून त्याचा श्वास मोजत होत्या.

आयोगानं निकाल दिला, लॉरींचंच बरोबर. आधी श्वास जातो.

आणि नेमक्या त्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये मॅकविल्यम नावाच्या शास्त्रज्ञानं वेगळीच गोष्ट लिहून ठेवली. माणूस अचानक जातो तेव्हा पुष्कळदा हृदय शांतपणे थांबत नाही, ते आधी नुसतं थरथरतं, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक स्नायू आपापल्या मनानं हलतो, त्यामुळे रक्त पुढे ढकललंच जात नाही. पुढे १९११ मध्ये लेव्ही नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मनं हीच थरथर सुरू होऊ शकते. म्हणजे हैदराबादचा निकाल अर्धाच खरा होता. श्वासावर नजर ठेवण्याची त्यांनी लावलेली शिस्त मात्र टिकली.

ही थरथर समजून घ्यायला शेतातली मोटार डोळ्यांसमोर आणा. पाइपात गाळ अडकला की पाणी येत नाही, पण मोटार फिरत असते. तो झाला हार्ट ॲटॅक, रक्ताची नळी तुंबली. माणूस शुद्धीवर असतो, छातीत दुखतं म्हणतो, घाम फुटतो. आणि कधी कधी पाइप स्वच्छ असतो, पण एक फेज गेलेली असते. मोटार नुसती घूं घूं करते, जागची हलत नाही. तो झाला कार्डियाक अरेस्ट. माणूस बोलता बोलता कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही, श्वास थांबतो किंवा तोंड उघडून आचके देतो. पहिल्याचा दुसरा होऊ शकतो, पण दोन्ही एक नव्हेत. ‘अटॅक आला’ या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो आणि तिथेच वेळ जातो.

थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा एक मोजका झटका दिला तर सगळी थरथर एकदम थांबते आणि हृदयाचा स्वतःचा स्टार्टर पुन्हा ताबा घेऊ शकतो. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लॉड बेक या शल्यचिकित्सकानं चौदा वर्षांच्या मुलाची छाती उघडी असतानाच असा झटका देऊन त्याला वाचवलं. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी छाती न उघडता बाहेरूनच झटका देऊन दाखवला. पण हे सगळं दवाखान्यात. मोठं यंत्र, भोवती डॉक्टर. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एखाद्या रस्त्यावर भाजी घेताना कोसळलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

मोठी उडी मारली ती एका इंजिनिअरनं. विल्यम कौवेनहोवेन हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले विजेचे प्राध्यापक. खांबावर काम करणारे लाइनमन शॉक लागून मरत होते, म्हणून वीज कंपन्यांनीच या संशोधनाला पैसा पुरवला होता. लाइनमनसाठी सुरू झालेलं काम आहे हे, लक्षात ठेवा, आपल्याकडे मोटारीचा शॉक लागून जाणारी माणसं काय कमी आहेत? त्यांच्या प्रयोगशाळेत निकरबॉकर नावाच्या तरुण सहकाऱ्याच्या ध्यानात आलं की झटक्याची जड तबकडी कुत्र्याच्या छातीवर दाबली की, वीज सोडायच्या आधीच, रक्तदाब थोडा वर जातो. नुसत्या दाबानं. त्यातून छाती दाबण्याची पद्धत निघाली आणि शल्यचिकित्सक जूड यांच्यासह तिघांनी ती जुलै १९६० मध्ये छापली. त्या लेखाचा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता. हे कुणालाही, कुठेही करता येतं, हवेत फक्त दोन हात.

त्याच सुमारास नॉर्वेतल्या आसमुंड लेर्दाल या खेळणी बनवणाऱ्या कारखानदारानं सरावासाठी माणसाएवढी बाहुली बनवली. १९६१ पासून नॉर्वेच्या शाळांमध्ये प्रथमोपचार सक्तीचे झाले. शोधामागोमाग कायद्यानं तो शाळेच्या वर्गात नेऊन ठेवला.

आपण १९६१ मध्ये नव्या महाराष्ट्राचा पहिला वाढदिवस करत होतो. तेव्हा शाळेत गेलेल्या नॉर्वेतल्या मुली आज सत्तरीच्या आज्या आहेत आणि त्यांना छाती दाबता येते. आपल्या सत्तरीच्या आज्या राहू द्या, सातवीतल्या नातींना येते का?

आता चार मिनिटांचा हिशेब. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता शेकडा सात ते दहानं घसरते. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली, ९३७ गाड्या, त्यांतल्या २३३ अत्याधुनिक, आणि गाडीत डॉक्टर. ही खरोखर मोठी सोय आहे. किती बाळंतिणी त्या गाडीत सुखरूप पोहोचल्या हे आपल्या आशाताईंना विचारा. पण त्या सेवेचं स्वतःचं उद्दिष्टच शहरात वीस मिनिटं आणि खेड्यात तीस मिनिटं असं आहे. किनवट-माहूरच्या डोंगरात, जिथून नांदेड शंभरावर किलोमीटर, तिथे तीस मिनिटं हीसुद्धा चांगली वेळ. थांबलेल्या हृदयासाठी मात्र तीसही उशीर आणि वीसही उशीर. मधली मिनिटं शेजाऱ्यानं भरायची असतात. आणि जगभरात अशा घटनांतल्या बहुतेक घरातच घडतात, त्यामुळे ‘शेजारी’ म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई. सासरे अंगणात कोसळले तर पहिले हात सुनेचेच असतात.

पुढे यंत्र लहान होत गेलं. १९६६ च्या सुमारास बेलफास्टमध्ये फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटऱ्या लावून सत्तर किलोचं यंत्र रुग्णवाहिकेत चढवलं. आज तेच यंत्र डब्याएवढं झालंय. त्याला एईडी म्हणतात. झाकण उघडलं की ते बोलतं, दोन चिकटपट्ट्या कुठे लावायच्या ते सांगतं, हृदयाची लय स्वतः तपासतं आणि गरज असेल तरच झटका देतं. गरज नसेल तर बटण दाबूनही काही होत नाही. शिकागोच्या विमानतळांवर १९९९ पासून अशी यंत्रं भिंतीवर लावली. पहिल्या दोन वर्षांत ज्या अठरा माणसांचं हृदय थरथरत होतं, त्यांतली अकरा जगली. वाचवणाऱ्यांपैकी काहींनी ते यंत्र आधी कधी हातातही घेतलेलं नव्हतं.

पण यंत्र भिंतीवर आपोआप येत नाही. ते कायदा आणतो, नाहीतर कुणाचा तरी मृत्यू आणतो. जपानमध्ये राजघराण्यातले राजपुत्र ताकामादो २००२ मध्ये स्क्वॉश खेळताना कोसळले आणि गेले. तोवर तिथे सामान्य माणसाला हे यंत्र वापरायची परवानगीच नव्हती. जुलै २००४ मध्ये ती मिळाली. अमेरिकेनं २००० साली कायदा करून सरकारी इमारतींत यंत्रं ठेवायची वाट मोकळी केली आणि ते सद्‍हेतूनं वापरणाऱ्याला संरक्षण दिलं. इटलीनं २०२१ मध्ये कायदा केला. डेन्मार्कनं मला सगळ्यात शहाणपणाचं काम केलं असं वाटतं. त्यांनी यंत्रापासून सुरुवात केली नाही, माणसापासून केली. २००५ मध्ये शाळेत शिकवणं सक्तीचं, २००६ पासून गाडीचं लायसन्स हवं असेल तर छाती दाबायला शिकून या. २००१ मध्ये तिथे शंभरातल्या एकवीस जणांनाच बघ्यांकडून मदत मिळायची. २०१० पर्यंत ती पंचेचाळिसांना मिळू लागली. महिनाभर जगणाऱ्यांचं प्रमाण शेकडा साडेतीनवरून जवळपास अकरावर गेलं. २०२१ च्या युरो स्पर्धेत त्यांचा खेळाडू एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानावर कोसळला आणि तिथल्या तिथे वाचला, ते आपण टीव्हीवर पाहिलंच.

आता आपल्या कायद्याकडे वळू. त्याची सुरुवात वाघापासून आहे, खरंच. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ९२ होतं. एखाद्याच्या भल्यासाठी, त्याची संमती घेणं शक्य नसताना, सद्‍हेतूनं केलेल्या कृतीनं इजा झाली तरी तो गुन्हा नाही. कलम समजावं म्हणून खाली उदाहरणं दिलेली. एका माणसाला वाघ ओढून नेतोय, दुसरा वाघावर गोळी झाडतो, ती त्या माणसालाच लागते, तरी गोळी झाडणारा गुन्हेगार नाही. दुसरं उदाहरण पेटलेल्या घराचं. वर एक माणूस मूल घेऊन अडकलाय, खाली लोक घोंगडी ताणून उभे आहेत, तो मूल खाली सोडतो. मूल दगावलं तरी तो गुन्हेगार नाही. आपल्या भागाला ही संहिता हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर, १९५१ मध्ये लागू झाली. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत कलम ३० म्हणून आहे. छाती दाबताना बरगडी मोडली तर काय, या प्रश्नाचं उत्तर या वाघाच्या गोष्टीत आहे. बरगडी कधी कधी मोडतेच, आणि ती पुन्हा जुळते.

पण लोकांना भीती तुरुंगाची नसते, फेऱ्यांची असते. पोलीस ठाण्यात बसवून ठेवतील, दवाखान्यात पैसे भरायला लावतील, साक्षीला तारखांवर तारखा. यावर कलम ३० काही बोलत नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमीला आधी उपचार, कागदपत्रं नंतर. हे डॉक्टरांसाठी झालं. मदत करणाऱ्या सामान्य माणसासाठी आणखी सत्तावीस वर्षं लागली. दिल्लीत २००७ मध्ये रस्त्यावर पडून राहिलेल्या आपल्या भावंडाला कुणी हात लावला नाही, म्हणून पियूष तिवारी यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली आणि २०१२ मध्ये ती न्यायालयात गेली. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयानं ‘गुड समॅरिटन’, म्हणजे निःस्वार्थ मदतनिसाच्या, संरक्षणाच्या नियमांना कायद्याचं बळ दिलं. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी खटला नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. २०२१ मध्ये जखमीला वेळेत दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला पाच हजारांचं बक्षीस ठरलं, पुढे ते पंचवीस हजार झालं.

इथे बारकाईनं ऐका. हे संरक्षण मोटार अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्यासाठी आहे. नांदेड-लातूर रस्त्यावर जीपनं उडवलेल्या माणसाला तुम्ही उचललंत तर कलम १३४-अ तुमच्या पाठीशी. तोच माणूस माळेगावच्या यात्रेत खंडोबासमोर, किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या रांगेत, हृदय थांबून कोसळला तर ते कलम लागू नाही, कारण तिथे मोटार नाही. मग पुन्हा आपला १८६० चा वाघ. माझ्या मते ही नुसती राहून गेलेली गोष्ट नाही, हे अर्धवट काम आहे आणि ते पुरं व्हायला एक ओळ पुरेशी आहे. ‘मोटार अपघात’ या शब्दांच्या जागी ‘कोणतीही अचानक आलेली वैद्यकीय आणीबाणी’.

आता कुणी म्हणेल, कायद्यानं सामान्य माणसाला प्रथमोपचार शिकवायचे, हे आपल्या देशात कसं जमायचं? अहो, ते जमलेलं आहे. एसटीच्या कंडक्टरला बिल्ला मिळवताना सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. वर्षानुवर्षं आपण ज्याच्याकडून तिकीट घेतो आणि सुट्ट्यासाठी भांडतो, तो माणूस कायद्यानं प्रथमोपचार शिकलेला आहे. आता त्यात आपल्या ताईसुद्धा आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस ही अट होती. उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर ज्यांची घड्याळं लागत, त्या नांदेडकरांना ही पेटी पाहून ठाऊक असेल. पेटीत काय असायचं तो भाग वेगळा. आयोडीनची सुकलेली बाटली आणि एक पिवळी पडलेली पट्टी, असा बहुतेक ठिकाणचा संसार. कायदा असून पेटी रिकामी राहते, ती कुणी उघडून पाहत नाही म्हणून.

म्हणूनच मला यंत्राच्या बाबतीत कारखान्यापेक्षा आगीचा कायदा जास्त कामाचा वाटतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना कायदा, २००६. त्यानं काय केलं? मंगल कार्यालय, चित्रपटगृह, दवाखाना, मोठी इमारत, सगळीकडे मालकाला आग विझवायची साधनं ठेवणं बंधनकारक केलं. आणि नुसतं ठेवून भागत नाही. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक माणसाकडून तपासून घेऊन दाखला सादर करायचा. तो लाल नळकांडा आज आपल्या डोळ्यांना इतका सवयीचा झालाय की भिंतीवर दिसला तरी दिसत नाही. त्याच्या शेजारी एक हिरव्या हृदयाचं चिन्ह असलेला डबा टांगायला नवं शासन उभारावं लागणार नाही. तोच मालक, तीच भिंत, तोच जुलै महिना. यंत्राच्या चिकटपट्ट्या साधारण दोन वर्षांत बाद होतात, बॅटरी चार-पाच वर्षांत. तपासणीशिवाय तो डबा म्हणजे दुसरी सुकलेली आयोडीनची बाटली. शिवाय ही यंत्रं साधारण पन्नास अंशांपर्यंतच सांभाळायची असतात. आपल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत ती ठेवून चालणार नाही. मराठवाड्यासाठी नियम करताना ही ओळ हवीच, आणि यंत्रानं मराठीत बोलावं ही खरेदीच्या आदेशातली दुसरी ओळ.

यंत्र लाखाच्या आसपास पडतं. लग्नाच्या मंडपावर, घोड्यावर, डीजेवर होणारा खर्च आपण जाणतोच, कार्यालयवाल्याला हे जड आहे असं मला सांगू नका. ग्रामपंचायतीला जड आहे, हे मान्य. तिथे जिल्हा नियोजनाचा पैसा लागेल.

शेजारी काय करतायत तेही पाहा. नांदेडला कर्नाटक आणि तेलंगणा दोन्हींची हद्द लागते. देगलूर, बिलोली, किनवट, धर्माबादची माणसं तिकडे रोज जातात-येतात. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार ऑक्टोबर २०२१ मध्ये हृदयविकारानं गेले, तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या नावानं कर्नाटकनं ‘हृदय ज्योती’ योजना काढली, त्यात सार्वजनिक ठिकाणी एईडी बसवायचं ठरलं. तेलंगणानं मार्च २०२३ मध्ये आरोग्य कर्मचारी, पोलीस अशांना छाती दाबायला शिकवण्याची मोहीम काढली. दोन्ही चांगल्या, पण दोन्ही योजना. योजना सरकार बदललं की नाव बदलते, कधी बंदही होते. लाल नळकांडा टिकला, कारण त्याच्यामागे कायदा आहे.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र आहे जी शेजाऱ्यांकडे नाही. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी. किल्लारीच्या भूकंपात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. लष्कर आलं, डॉक्टर आले, जगभरातून मदत आली. पण त्या पहाटेच्या पहिल्या तासात दगडमातीखालून जी माणसं जिवंत निघाली, ती शेजाऱ्यांनी उकरून काढली होती. पुढे जागतिक बँकेच्या पैशातून पुनर्वसन सुरू झालं, तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं, लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ केलं. ज्यांनी तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, त्या बायका भूकंपात टिकणारी भिंत कशी बांधायची, कोपऱ्याला पट्टा कसा द्यायचा, हे शिकल्या आणि गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेऊ लागल्या. तांत्रिक ज्ञान शिकलेल्यांचंच असतं हा समज या दोन जिल्ह्यांत तीस वर्षांपूर्वी मोडलेला आहे.

किल्लारीनंतर महाराष्ट्रात जिल्ह्यांचे आपत्ती आराखडे आले. मग ओडिशाचं वादळ, भूजचा भूकंप, त्सुनामी, आणि २००५ मध्ये देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्यात जिल्हाधिकारी प्रमुख असलेल्या प्राधिकरणावर लोकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. गंमत अशी की त्या कायद्याच्या व्याख्येत आपत्ती म्हणजे गावाच्या आवाक्याबाहेरची. एका घरात एक माणूस कोसळणं ही आपत्ती नव्हे. पण प्रशिक्षण देताना ढिगाऱ्याखालून काढलेल्या माणसाची छाती दाबायला शिकवलीत, तर तीच बाई घरच्या सासऱ्याचीही दाबेल, तिथे व्याख्या आड येत नाही. म्हणजे शिकवणं सुरू करायला नव्या कायद्याची वाट पाहायचीसुद्धा गरज नाही.

शिकायचं किती, तेही ऐका. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये सामान्य माणसांसाठी सोपी पद्धत ठरवून दिली. तोंडानं श्वास द्यायचा नाही, फक्त छाती दाबायची. रूपाबाईंच्याच शास्त्रातली ही माणसं, योगायोग पाहा. कोसळलेल्याला खांदे हलवून मोठ्यानं हाक मारा. ओ नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा, फोन स्पीकरवर ठेवा. कडक जमिनीवर उताणं झोपवा, बाजेवर नाही, बाज खाली दबते. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा. भाकरीचं पीठ आपण ज्या टाचेनं रगडतो, तीच. तिच्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि कंबरेपासून भार देत सेकंदाला जवळपास दोन वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे, दर वेळी पूर्ण वर आली पाहिजे. दमायला होतं, दोन मिनिटांनी दुसरीनं घ्यावं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही.

आणि जे कुणी व्यासपीठावरून बोलत नाही ते इथे बोलते. अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास छापून आला. सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी शेकडा पंचेचाळिसांची छाती कुणीतरी दाबली, बायकांपैकी एकोणचाळिसांचीच. तिथे ही गत, तर आपल्याकडे बाईच्या छातीला हात कोण लावणार? लोक भोवती गोळा होतील, कांदा हुंगवतील, चप्पल हुंगवतील, पदर नीट करतील. दाबताना साडी-ब्लाउज काढायची गरज नाही, वरूनच दाबता येतं. यंत्राच्या पट्ट्या मात्र उघड्या कातडीवर चिकटवाव्या लागतात, घाम पुसून, मंगळसूत्र आणि पोत बाजूला सारून. चारजणींनी लुगड्याचा आडोसा धरला की झालं. सद्‍हेतूनं लावलेला हात विनयभंग ठरत नाही, त्या गुन्ह्याला वाईट हेतू लागतो. पण हे वाक्य नव्या कायद्यात स्वच्छ शब्दांत यायला हवं, म्हणजे रस्त्यावरचा पुरुष बाईला वाचवताना कचरणार नाही. आणि तोवर बायकांनी शिकून घेणं हा जवळचा रस्ता.

बचत गटाच्या एका बैठकीत हे शिकून होतं. बाहुली नसेल तर घट्ट भरलेल्या उशीवर सराव करा. शिकवायला उपजिल्हा रुग्णालयातले डॉक्टर, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाची वैद्यकीय संस्था, या दोन्ही ठिकाणच्या भूलशास्त्र विभागाला लेखी विनंती करा. १६ ऑक्टोबर हा हृदय पुन्हा सुरू करण्याचा जागतिक दिवस म्हणून पाळतात, त्या दिवसासाठी आतापासून तारीख मागून ठेवा.

ग्रामसभा १५ ऑगस्टला आहे, मग २ ऑक्टोबरला. ठरावात तीन गोष्टी लिहा. शाळेत आठवीपासून छाती दाबायला शिकवणं सक्तीचं करावं, लायसन्ससाठीही ते लागावं, मग गाडीवरची पाटी एमएच २४ असो की एमएच २६. मदत करणाऱ्याचं संरक्षण मोटार अपघातापुरतं न ठेवता सगळ्या आणीबाणीला लागू करावं. आणि बसस्थानक, मंगल कार्यालय, यात्रा, मोठं देवस्थान इथे एईडी ठेवणं आगीच्या कायद्याच्या धर्तीवर बंधनकारक करून वर्षातून दोनदा तपासावं. ठरावाला महिला ग्रामसभेच्या सह्या वेगळ्या जोडा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, आपत्ती प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून, एक आमदारांना, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.